घोड्यांची नोंद आहे, मोतद्दाराची नाही!

दिवाळी सरली, भाताची कापणी उरकली की कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर मुरबाडच्या पुढे एक दृश्य हमखास दिसते. टोकावडे सोडून एसटी वैशाखऱ्याच्या बाजूला लागते आणि अचानक थांबते. समोर रस्ताभर मेंढरे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, खिडकीतले प्रवासी चुकचुकतात. ‘आले धनगर, आता अर्धा तास गेला’ असे कुणीतरी म्हणते. मेंढरांच्या कडेने हातात काठी घेतलेले बाप्ये चाललेले असतात. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या मातीच्या कडेने, घोड्या चाललेल्या असतात. त्यांच्या पाठीवर अख्खा संसार असतो आणि त्यांचा कासरा बहुतेक वेळा बाईच्या हातात असतो.

खिडकीतून पाहणाऱ्याला हे दृश्य मजेचे वाटते. कुणी मोबाईल काढून फोटोही घेतो. पण त्या घोडीच्या पाठीवर काय आहे आणि तिचा कासरा धरणाऱ्या बाईच्या वाट्याला काय आहे, हे विचारावे असे फारसे कुणाला वाटत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

संसार घोडीवर

पारनेर, संगमनेर, जुन्नर या घाटावरच्या तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा संपला की माळशेज घाटाने खाली उतरतात. मुरबाड, शहापूर, कल्याण या बाजूला भाताची शेते कापून मोकळी झालेली असतात. तिथे मेंढरांना चारा मिळतो आणि शेतकऱ्याला लेंडीखत मिळते. पावसाळा तोंडावर आला की हीच माणसे पुन्हा घाट चढतात, कारण कोकणातल्या पावसात मेंढीचे खूर कुजतात, ती आजारी पडते. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने हे लोक घरापासून दूर, उघड्यावर असतात. हा काही अलीकडचा प्रकार नव्हे. पिढ्यान् पिढ्या असेच चालले आहे.

त्यांचा दिवस आपला दिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. घोडी रात्री चरायला सोडताना तिच्या पुढच्या पायांना दोरीचा पायबंद घालतात, म्हणजे ती हळूहळू चरते पण लांब जात नाही. ‘अमक्या गोष्टीला पायबंद घाला’ असे आपण भाषणात म्हणतो, तो शब्द मुळात या घोड्याचा आहे. पहाटे काळोखात तिला शोधून आणायचे, पायबंद सोडायचा, पाणी दाखवायचे. मग पाठ चाचपून पाहायची. कालच्या ओझ्याने कुठे सोलवटले आहे का, सूज आहे का, तंगाच्या जागी केस गेले आहेत का, हे बघितल्याशिवाय शहाणा माणूस ओझे चढवत नाही. घोडीची पाठ लागली की बिऱ्हाड हलत नाही.

मग भरायचे काम. आधी पाठीवर घोंगड्यांच्या घड्या. त्यावर दोन्ही बाजूंना सारखे वजन येईल अशा बेताने पालाचे कापड, दांडके, वाघर, पिठामिठाचे डबे, भांडी, अंथरूण. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचे जाळे. सगळ्यात वर कोंबड्यांची पाटी, चालता न येणारी कोकरे आणि कधी कधी चालता न येणारे मूल. एका बाजूला दोन शेर वजन जास्त झाले तर ओझे सरकते, घोडी बुजते, तंग कातडीत रुततो. हा तोल कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. तो मुलीला आईच्या हाताखाली शिकावा लागतो.

बाप्ये मेंढरे घेऊन चरायच्या वाटेने जातात. बाई घोडी घेऊन सरळ पुढच्या मुक्कामाला जाते. तिथे पोचली की ओझे उतरवायचे, पाल ठोकायचे, पाणी शोधायचे, सरपण गोळा करायचे, जवळच्या गावात गिरणीवरून दळण आणायचे, कोकरांना बघायचे, भाकरी करायच्या. संध्याकाळी कळप आला की वाघर लावायची, मेंढ्या मोजायच्या, आयांना पिल्ले लावायची. रात्री कुत्री आणि बाप्ये आळीपाळीने जागे राहतात, कारण बिबट्याचे भय आहे आणि मेंढीचोराचे त्याहून जास्त आहे. शेतकरी आपल्या शेतात कळप बसवण्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. दोन-तीन रात्री झाल्या की दुसरे शेत, पुन्हा पायबंद, पुन्हा ओझे.

घोडे हे मोठ्या अंगाचे पण नाजूक पोटाचे जनावर आहे. गाईसारखे ते रवंथ करत नाही आणि पोटात बिघाड झाला तर त्याला ओकताही येत नाही. म्हणून त्याला एकदम पोटभर न घालता दिवसभर थोडेथोडे चरू द्यावे लागते. घोडीचे पोट धरले की रात्रभर तिला फिरवत राहायचे. डॉक्टर वेळेवर मिळेल याची खात्री नसते. डांबरी रस्त्याने खूर झिजतात, नाल बसवणारा माणूस आता गावोगाव सापडत नाही. आणि महामार्गावर मागून येणारा ट्रक घोडी आहे की बाई आहे हे बघून ब्रेक लावत नाही.

देशात घोडा झपाट्याने कमी होतो आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती साधारण ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट! ज्यांना परवडते त्यांनी बिऱ्हाड टेम्पोत घातले. ज्यांना परवडत नाही, त्यांची बाई अजून कासरा धरून चालते आहे.

दगडावरचा हिशेब

ज्या वैशाखऱ्याहून हे कळप जातात, तिथून नाणेघाट जवळ आहे. कोकणातून जुन्नरला जाणारी ही दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात दोन अश्वमेध आणि इतर अनेक यज्ञांची जंत्री आहे, आणि त्या यज्ञांत पुरोहितांना दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी, सगळे आकड्यांत! भारतातल्या अंकांच्या अगदी जुन्या खुणा म्हणून विद्वान या लेखाकडे पाहतात. जवळच राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज त्यांची फक्त पावले आणि वरची नावे शिल्लक आहेत.

या लेखाबद्दल शाळेत आपण अभिमानाने शिकतो. शिकावेच. पण एक प्रश्न विचारायला हवा. एवढे घोडे दान दिले, ते घोडे सांभाळत कोण होते? त्यांना पहाटे पाणी कोण दाखवत होता? त्यांचा खरारा कोण करत होता, लीद कोण काढत होता, घाट चढताना लगाम कोण धरत होता? घोडे मोजले गेले, मोतद्दाराची नोंद कुठेच नाही. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असे सांगतात. जकात देणाऱ्या व्यापाऱ्याचा माल ज्या जनावरांच्या पाठीवरून आला, ती जनावरे हाकणाऱ्याचे नाव दगडावर चढले नाही.

शिवकाळातही घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. स्वार दोघेही, मरणाचा धोका दोघांनाही, पण घोडा कुणाच्या मालकीचा यावर पायरी ठरत असे. या पायरीच्याही खाली पागेत दाणावैरण करणारे हात होते. मालकी कुणाची आणि मेहनत कुणाची, हा प्रश्न घोड्याच्या पाठीवर फार जुना आहे.

घोड्यापुढे पळणारा

आमच्या समाजाचा घोड्याशी संबंध वेगळा होता. आम्ही घोड्यावर नव्हतो, घोड्याच्या पुढे होतो. माझे आजोबा येसकर पाळीला असत. मामलेदार किंवा फौजदार घोड्यावरून गावात आला की घोड्याला गवत कापून आणायचे, साहेबाला लाकूडफाटा पुरवायचा, रात्री घोड्याची राखण करायची. आणि साहेब निघाला की पुढच्या गावच्या शिवेपर्यंत घोड्यापुढे पळत वाट दाखवायची. घोडा दौडला की माणसानेही दौडायचे. पायांत वहाण नसली तरी पळायचे. तिथे दुसऱ्या गावचा महार उभा असायचा, मग तो पळायचा. आजोबा सांगत, साहेब घोडा थकला का असे विचारी. पळणाऱ्याला कधी विचारत नसे.

याला नाव होते वतन! मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि घरोघरची भाकर. काम किती तासांचे, मालक कोण, सुट्टी कधी, याला कसलाही नियम नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी. कामे निश्चित करा, मोबदला निश्चित करा, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडू द्या, असा त्याचा आशय होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. पण लढा मागे घेतला गेला नाही. १९३९ साली हरेगावला महार वतनदारांची परिषद झाली. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. तोपर्यंत बाबासाहेब आपल्यात नव्हते.

आणि आज घोड्यावर बसायचे म्हटले तर? २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला घोड्यावरून वरात काढण्यासाठी महिनोन् महिने सरकारी कचेऱ्यांचे आणि कोर्टाचे उंबरे झिजवावे लागले. अखेर पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात वरात निघाली. घोड्यापुढे पळवताना कुणाला जात आडवी आली नाही, घोड्यावर बसताना मात्र आली!

ऑस्ट्रेलियातले ‘स्टेशन’

हे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलियात ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वेचे नव्हे. आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढ्या पसरलेल्या गुरांच्या मालकीच्या रानाला तिथे स्टेशन म्हणतात. गोऱ्यांनी तिथल्या आदिवासींची जमीन बळकावली आणि त्याच जमिनीवर त्याच आदिवासींना घोडेस्वार गुराखी म्हणून राबवले.

त्यांचा दिवसही काळोखातच उजाडे. रात्री पायबंद घालून सोडलेले घोडे माग काढत शोधून आणायला एक खास माणूस असे. मग प्रत्येकाने आपला घोडा पकडायचा, खोगीर कसायचे आणि धुळीत, उन्हात मैलोन् मैल पसरलेली गुरे वळवून आणायची. घोडा दमला की दुसरा घ्यायचा, माणसाला बदली नाही. वासरांना डाग द्यायचे, रानटी घोडे माणसाळवायचे, रात्री कळपाभोवती घोड्यावरून फेऱ्या मारत पहारा करायचा. बायका मालकाच्या घरात स्वयंपाक, धुणे करीत. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे गोरे मालकही कबूल करीत. मोबदला काय? पीठ, साखर, चहा, थोडे मांस आणि गोऱ्या गुराख्याच्या मानाने नावापुरते पैसे. आमच्या घरोघरच्या भाकरीची आठवण झाली ना?

याच ऑस्ट्रेलियातून ब्रिटिश भारताच्या लष्करासाठी जहाजे भरून घोडे येत. न्यू साउथ वेल्स या प्रांताच्या नावावरून त्यांना ‘वेलर’ म्हणत. म्हणजे तिकडच्या राबणाऱ्यांचा आणि इकडच्या मोतद्दारांचा एकमेकांना पत्ता नव्हता, पण राज्य एकाच साहेबाचे होते.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल स्टेशनवर गुरिंजी जमातीचा व्हिन्सेंट लिंगियारी उठला. हे स्टेशन वेस्टी या धनाढ्य ब्रिटिश घराण्याच्या कंपनीचे. सुमारे २०० माणसे, गुराखी, घरकामाच्या बायका, पोरेबाळे, त्याच्यामागे काम सोडून चालू लागली. मालकाला वाटले, पगार वाढवला की परत येतील. ते आले नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी सरकारला अर्ज केला, आमची जमीन आम्हाला द्या. ते वर्षानुवर्षे ठाम बसले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः तिथे गेले आणि लिंगियारीच्या हातात मूठभर माती ओतून जमीन परत केली. १९७६ साली त्या प्रांतासाठी आदिवासी जमीनहक्काचा कायदा झाला.

यात एक कडू धडाही आहे. समान वेतनाचा निर्णय १९६६ मध्ये झाला आणि १९६८ च्या अखेरीस लागू झाला, तेव्हा अनेक मालकांनी आदिवासींना कामावरूनच काढले. पुढे गुरे वळवायला हेलिकॉप्टर आले. ज्यांच्याकडे फक्त कसब होते आणि जमीन नव्हती, ते वस्त्यांच्या कडेला फेकले गेले. म्हणून लिंगियारी शहाणा. त्याने मजुरीच्या पुढे जाऊन जमीन मागितली.

माथेरानचा निकाल

आपल्या जवळ माथेरान आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला आणि पुस्तकांनी लिहिले, माथेरान शोधून काढले! त्या डोंगरात धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून होते, त्यांचा शोध मोजला गेला नाही. तिथे मोटारींना बंदी, म्हणून घोडेवाले आणि हातरिक्षा ओढणारे पर्यटकांना वाहत आले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रथा बंद करा एवढेच न्यायालय म्हणाले नाही, तर रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पोट सांभाळा असेही म्हणाले. अप्रतिष्ठा काढायची पण भाकर काढायची नाही, हा न्याय! ई-रिक्षा आली तर आमचे काय, असे घोडेवाले विचारतात. त्यांनाही याच मापाने उत्तर मिळाले पाहिजे.

मग वैशाखऱ्याच्या रस्त्याचे काय?

कासरा धरून चालणाऱ्या त्या बाईकडे परत येऊ. कागदावर तिच्यासाठी बरेच आहे. धनगर समाजाला भटक्या जमाती ‘क’ मध्ये साडेतीन टक्के आरक्षण आहे. २०१७ पासून महामेष योजना आहे, तिच्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट अनुदानावर मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा दिली आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घ्यायचे.

पण शाळा एका जागी आणि पाल दर तिसऱ्या रात्री दुसऱ्या जागी! मग हमी कुणाची आणि कशी? वनहक्कासाठी आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जो माणूस सतत चालत असतो, तो वास्तव्याचा दाखला कुणाच्या हातून आणणार? ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याला कायदा सापडत नाही, हे आम्ही वतनाच्या काळापासून ओळखतो.

यात फार मोठे बजेट लागते असे नाही. घाट उतरल्यावर महामार्गालगत मुक्कामाच्या ठरलेल्या जागा आणि पाण्याची सोय हवी. हंगामात रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी करणारे फलक हवेत. हंगामापुरते पशुवैद्यकाचे फिरते पथक हवे, मेंढीसाठी आणि घोडीसाठीही. ग्रामपंचायतीत उतरलेल्या वाड्याची नोंद हवी, त्या नोंदीवरच रेशन, शाळा आणि उद्या वनहक्काचा पुरावा उभा राहील. मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, गावाकडेच हंगामी वसतिगृह हवे, म्हणजे आईच्या मागे कासरा धरायची पाळी मुलीवर येणार नाही. तिला घोडी राखायचीच असेल तर तिने ती शिकून, स्वतःच्या मर्जीने राखावी.

आमच्या वाचकांपैकी काहीजण म्हणतील, धनगरांशी आमचा काय संबंध? त्यांच्याही पालावर आम्हाला पाणी वरून वाढले जात होते. खरे आहे. श्रेणीबद्ध विषमतेची हीच करामत आहे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालची पायरी दिसते, वरची दिसत नाही. पण घोड्यापुढे पळालेल्या माणसाच्या नातवाने घोडीबरोबर चालणाऱ्या बाईला ओळखले नाही, तर मग तिला कोण ओळखणार? आणि मुरबाड-शहापूरचा ठाकूर, कातकरी, जो त्याच रानावर जगतो, त्याला आणि धनगराला एकमेकांविरुद्ध उभे करून मते कोण गोळा करतो, हेही दोघांनी बसून एकदा तपासावे.

नाणेघाटच्या लेखात घोडे मोजले. पशुगणनेतही घोडे मोजले. दगडावर राहून गेलेले नाव आता निदान ग्रामपंचायतीच्या वहीत तरी चढू द्या. यंदा दिवाळीनंतर वैशाखऱ्याजवळ एसटी थांबेल तेव्हा चुकचुकू नका. उतरा. त्या बाईला विचारा, बाई, पोरं कितवीला आहेत? आणि ती काय सांगते ते तुमच्या गावच्या ग्रामसेवकाला आणि शाळेच्या गुरुजींना जाऊन सांगा. आपल्या आजोबांना हे कुणी विचारले नव्हते.